जय मिळाला म्हणून पक्ष न्यायाचा ठरतो काय?

दोन माणसांत किंवा दोन राज्यांत तंटा पडून एकाचा जय झाला, म्हणजे लोक लागलेंच म्हणूं लागतात कीं, "याचाच पक्ष खरा होता, नाहीं तर देवानें यास यश कां दिलें असतें?" हा समज फार जुना आहे, आणि आपल्या खेड्यापाड्यांतही तो कमी नाहीं. दावा जिंकला तो खरा, हरला तो लबाड. ज्याचें पीक आलें तो पुण्यवान, ज्याचें बुडालें तो पापी, असें किती सहज बोललें जातें! हा समज कितपत टिकतो हें पाहण्यास युरोपांतील एक दीर्घ युद्ध फार उपयोगी आहे. म्हणून तिकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधितों.

हें युद्ध इंग्लंड व फ्रान्स या राज्यांमध्यें सन १३३७ पासून सन १४५३ पर्यंत, मधून मधून तह होत, चाललें. त्यास शंभर वर्षांचें युद्ध म्हणतात. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड हा आपल्या आईच्या नात्यानें फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगत होता. फ्रेंच सरदारांनीं तो न मानतां सहाव्या फिलिपास राजा केलें होतें. दोन्ही राजे ख्रिस्ती होते, दोघेही एकाच देवाची प्रार्थना करीत, आणि दोघेही आपलाच पक्ष न्यायाचा म्हणत.

प्रथम इंग्रजांचें पारडें जड झालें. सन १३४६ सालीं क्रेसी येथें त्यांच्या तिरंदाजांनीं फ्रेंच स्वारांची दाणादाण उडविली, आणि १३५६ सालीं प्वातिये येथें फ्रान्सचा राजा जॉन हाच त्यांच्या हातीं सांपडला. १३६० च्या तहानें फ्रान्सला मोठा मुलूख सोडावा लागला, व राजाच्या सुटकेसाठीं तीस लाख सोन्याचीं नाणीं देण्याचें कबूल करावें लागलें. परंतु १३८० पर्यंत पांचव्या चार्ल्सानें त्यांतील बहुतेक मुलूख परत मिळविला. पुढें १४१५ सालीं अजिंकूर येथें इंग्लंडच्या पांचव्या हेन्रीनें मोठा जय मिळविला, आणि १४२० च्या तहानें तो फ्रान्सच्या गादीचा वारस ठरला. पण १४२२ च्या आगस्टांत तो मरण पावला, दोन महिन्यांनीं फ्रान्सचा राजाही वारला, आणि दोन्ही राज्यांचा वारसा वर्षही न भरलेल्या एका बालकाकडे आला. १४२९ सालीं जोन ऑफ आर्क या शेतकऱ्याच्या मुलीच्या प्रेरणेनें फ्रेंचांनीं ऑर्लेआं शहराचा वेढा उठविला. १४५३ सालीं कास्तियों येथें इंग्रजांचा शेवटचा मोड झाला. मग फ्रान्सांत त्यांच्याकडे कॅले व त्याभोंवतींचा प्रदेश तेवढा राहिला, आणि तोही १५५८ सालीं गेला.

आतां वाचकांनीं विचार करावा. जय हीच न्यायाची खूण असेल, तर न्याय १३५६ सालीं इंग्रजांकडे, १३८० सालीं फ्रेंचांकडे, १४१५ सालीं पुन्हां इंग्रजांकडे, आणि १४५३ सालीं पुन्हां फ्रेंचांकडे गेला असें म्हणावें लागेल. परंतु वादाचें मूळ जी वंशावळ, ती तर तीच होती! बदललें तें निराळेंच. इंग्रजांचें लांब धनुष्य, अजिंकूरच्या शेतांतील चिखल, फ्रेंच राजाचें वेड, बर्गंडीच्या ड्यूकानें इंग्रजांस मिळणें व १४३५ सालीं त्यांस सोडणें, कास्तियों येथील फ्रेंचांच्या तोफा, या गोष्टींनीं जय इकडचा तिकडे गेला. कोण जिंकला हें त्यांवरून समजतें. कोण खरा होता हें समजत नाहीं.

कोणी म्हणेल, "मधले जय सोडा, शेवटीं जो जिंकला तोच खरा." परंतु १४२२ सालच्या माणसासही आपण शेवटच पाहत आहों असें वाटलें असेल. जोनेचीच गोष्ट घ्या. ३० मे १४३१ रोजीं इंग्रजांच्या ताब्यांतील रूआं शहरांत तिला पाखंडी ठरवून जाळण्यांत आलें. पुढें तें शहर फ्रेंच राजाच्या हातीं आल्यावर, १४५६ सालीं, तो निकाल रद्द झाला. तिच्यावर अन्याय झाला तो जाळण्याच्या दिवशींच झाला. शहराचा धनी बदलल्यामुळें तो अन्याय ठरला असें नव्हे.

शिवाय गरीब शेतकऱ्यास कोणाच्या जयानें सुख लाभलें? फौजा फिरत तेथें गांवें जळत, आणि युद्धाचा खर्च करांच्या रूपानें रयतेच्या माथीं बसे. म्हणूनच फ्रान्सांत १३५८ सालीं व इंग्लंडांत १३८१ सालीं शेतकऱ्यांनीं बंडें केलीं.

मग माणसाची पारख कशावरून करावी? त्याच्या कृत्यांवरून. अजिंकूर येथें जय हातीं येत असतां हेन्रीनें निःशस्त्र कैद्यांस ठार मारण्याचा हुकूम दिला. उलट हरलेल्या जॉन राजाचा मुलगा ओलीस असतां पळून गेला, तेव्हां जॉन आपण होऊन १३६४ सालीं इंग्लंडास परत गेला, व तेथेंच वारला. त्याच्या मनांतले सर्व हेतु कोणी सांगावे? परंतु दिलेला शब्द पाळणें हें चांगलेंच, आणि कैद्यांस मारणें हें वाईटच. एक हरला व दुसरा जिंकला म्हणून त्यांत फरक पडत नाहीं.

अर्थात् जो हरला तो खराच, असेंही आम्ही म्हणत नाहीं; तीही तितकीच मोठी चूक होईल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, यश व न्याय यांचीं मापें वेगळीं आहेत. ईयोबाचे मित्र हाच भेद विसरले, आणि दुःखांत बुडालेल्या माणसास त्यांनीं आणखी दुःख दिलें. तरी उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे कीं, मंडळींतील एखाद्या घरावर आपत्ति आली असतां त्यांच्या पापाचा शोध करीत बसूं नये. आणि कोणाची भरभराट झाली, तर ती त्यानें कशी मिळविली हें विचारण्यास भिऊं नये.