रास्त किंमत कोणती?

बाभुळगावचा परिसर कापसाचा. बेंबळा प्रकल्पाचे पाणी आल्यावर काही शिवारे हिरवी झाली. तरीही शेतीच्या उत्पन्नावर घरातील सर्वांचे भागत नाही, हे येथे कुणाला सांगावे लागत नाही. म्हणून अलीकडे अनेक तरुण जोडधंद्याच्या शोधात असतात आणि त्यांपैकी काही छायाचित्रणाकडे वळतात. लग्नसराई, साक्षगंध, बारसे, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याचा सोहळा, अशी कामे गावातच मिळतात. अडचण भांडवलाची असते. कॅमेऱ्यापेक्षाही त्याला लागणाऱ्या लेन्स महाग. मग नव्या लेन्सचा विचार सोडून तरुण जुन्या मालाकडे वळतो आणि तेथे त्याला दोन वाटा दिसतात. एक, कुणीतरी वापरलेली लेन्स जशी आहे तशी घेणे. दुसरी, तपासून व दुरुस्त करून पुन्हा विक्रीस काढलेली, म्हणजे बाजाराच्या भाषेत ‘रिफर्बिश्ड’ लेन्स थोडे जास्त पैसे मोजून घेणे. यांतील कोणती घ्यावी आणि तिला किती द्यावे?

प्रश्न व्यवहाराचा आहे, धर्मगुरूने त्यात कशाला पडावे, असे कुणी म्हणेल. परंतु ‘किती द्यावे’ या प्रश्नाच्या पोटात ‘किती देणे न्याय्य आहे’ हा प्रश्न दडलेला असतो, आणि तो नीतिशास्त्राचा आहे. तो सोडवू लागलो की आपण लेन्सपासून सुरुवात करतो आणि सातव्या आज्ञेपाशी येऊन पोहोचतो.

प्रथम वस्तू नीट समजून घेऊ. लेन्स म्हणजे धातूच्या किंवा प्लास्टिकच्या नळीत एका अक्षावर बसवलेल्या अनेक काचा. कॅमेरा पाच-सात वर्षांत जुनाट वाटू लागतो. चांगली लेन्स मात्र जपून वापरली तर वीस-पंचवीस वर्षेही उत्तम काम देते. म्हणूनच तिचा जुना बाजार टिकून आहे. पण तिलाही रोग असतात. मुंबई-वसईच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते. ती वेळीच पुसली तर निघते; फार काळ राहिली तर काचेवरील लेप कुरतडते आणि डाग कायमचा होतो. आमच्या विदर्भातील उन्हाळ्यात, बंद गाडीत लेन्स राहिली तर आतले वंगण पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर उतरू शकते. पडलेल्या लेन्समधील एखादी काच अक्षापासून किंचित सरकते आणि चित्राची एक बाजू कायम धूसर येते.

येथे एक विचित्र गोष्ट लक्षात घ्यावी. पुढच्या काचेवरील बारीक ओरखडा कुणालाही दिसतो. त्यामुळे किंमत पुष्कळ उतरते, परंतु चित्रात तो बहुधा उमटतही नाही. उलट सरकलेली काच डोळ्यांना दिसत नाही; त्यामुळे किंमत तसूभरही उतरत नाही, आणि चित्र मात्र बिघडते. म्हणजे बाजारातील किंमत दिसणाऱ्या दोषाच्या मागे धावते, खरी उपयुक्तता न दिसणाऱ्या गुणदोषांवर अवलंबून असते. या दोहोंमधील अंतर ज्याला ठाऊक असते, त्याच्या हाती दुसऱ्याला फसवण्याची संधी असते. अन्यायाला येथूनच वाव मिळतो.

आता रिफर्बिश्ड लेन्ससाठी आपण जादा पैसे देतो ते कशाचे? चकाकीचे नव्हे. ते तपासणीच्या श्रमाचे आणि धोका उचलण्याचे असतात. समजा, एक वापरलेली लेन्स १२,००० रुपयांना मिळते. अशा पाचांपैकी एकीत छुपा दोष निघतो आणि तिच्या दुरुस्तीला ४,००० रुपये लागतात, असे धरले तर प्रत्येक लेन्समागे धोक्याची सरासरी किंमत ८०० रुपये झाली. तपासणीच्या व सफाईच्या श्रमाचे ७०० रुपये धरू. तर तीच लेन्स तपासून आणि हमी देऊन विकणाऱ्याने १३,५०० रुपये मागितले, तर त्यात गैर काही नाही. धोका आता त्याच्या खांद्यावर आहे. पण हमीच्या कागदावर मुदत नसेल, दुरुस्ती कोण व कुठे करणार हे लिहिलेले नसेल, तर धोका ग्राहकाच्याच खांद्यावर राहिला. मग ते जादा दीड हजार रुपये नुसत्या एका शब्दाचे झाले. केवळ शब्द विकून पैसे घेणे याला आपल्या भाषेत सरळ नाव आहे.

परंतु मूळचे १२,००० तरी रास्त कशावरून? कुणी म्हणेल, नव्या किमतीच्या निम्मे; कुणी म्हणेल, मालकाने जितक्याला घेतली त्यातून झीज वजा करावी. हे दोन्ही हिशेब अपुरे आहेत. २०१८ साली कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी आरशाविना चालणारे नव्या धाटणीचे कॅमेरे आणले आणि लेन्स बसवण्याची जोडणीच बदलली. कॅननची आधीची जोडणी १९८७ पासूनची, निकॉनची तर १९५९ पासूनची. नव्या जोडणीकडे व्यावसायिकांचा ओढा वाढला तसे जुन्या लेन्सचे भाव खाली आले. त्या काचांत कोणताही दोष शिरला नव्हता; लोकांची गरज तेवढी बदलली होती. सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामान्का येथे फ्रान्सिस्को दे व्हितोरिया या डोमिनिकन धर्मगुरूने आणि त्याच्या परंपरेतील पंडितांनी हाच विचार मांडला होता: वस्तूची न्याय्य किंमत उत्पादनखर्चावरून ठरत नाही, तर फसवणूक आणि मक्तेदारी नसलेल्या खुल्या बाजारात लोकांच्या सर्वसाधारण अदमासाने ठरते. म्हणून बदललेल्या बाजारात जुन्या जोडणीची उत्तम लेन्स स्वस्तात घेणारा तरुण कुणावर अन्याय करीत नाही.

मात्र ‘फसवणूक नसलेल्या’ ही अट महत्त्वाची आहे, आणि तिचा अर्थ आमच्या शेतकऱ्यांना कुणी शिकवायला नको. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव ठरला. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, ८ ते १२ टक्के असेल तर त्या प्रमाणात कपात, १२ च्या वर गेला तर खरेदी नाही. या पद्धतीविषयी तक्रारी असू शकतात. पण तिचे तत्त्व न्यायाचे आहे. दोषाला नाव आहे, त्याचे माप आहे आणि कपात त्या मापाइतकीच आहे. याउलट खेडा खरेदीत एखादा व्यापारी गंजीत नुसता हात घालतो, ‘ओला आहे’ म्हणतो आणि मनाला येईल तेवढा भाव पाडतो. तेथे दोषही त्याच्या जिभेवर आणि मापही त्याच्या जिभेवर. जुन्या वस्तूच्या प्रत्येक सौद्यात आपण या दोघांपैकी कुणाची रीत पाळतो, हे ज्याने त्याने तपासावे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. विकणाऱ्याने न विचारता दोष सांगितलाच पाहिजे काय? १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १७ वे कलम म्हणते की नुसते मौन ही फसवणूक नव्हे, आणि त्याखाली घोड्याची मार्मिक उदाहरणे देते. लिलावात सदोष घोडा विकणारा गप्प बसला तर ती फसवणूक नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरतो’, तर त्यानंतरचे मौन हे बोलण्यासारखेच होय.

कायद्याला येथे थांबावे लागते. ख्रिस्ती नीती येथून पुढे जाते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील कपटावर एक संपूर्ण प्रश्न खर्ची घातला आहे. त्यांच्या मते, घोडा एका डोळ्याने आंधळा आहे हे उघड दिसत असेल आणि किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर विकणाऱ्याने तो दोष बोलून दाखवलाच पाहिजे असे नाही. पण दोष छुपा असेल आणि घेणाऱ्याचे त्याने नुकसान होणार असेल, तर तो सांगणे बंधनकारक आहे. योगायोग पाहा, उदाहरण दोन्हीकडे घोड्याचेच आहे. फरक एवढाच की, कायदा सांगण्याचे कर्तव्य मुलीपुरते ठेवतो. आपल्या श्रद्धेला मात्र परक्या ग्राहकातही आपल्याच घरची मुलगी पाहावी लागते. दुसऱ्यांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे त्यांच्याशी वागा, या प्रभूच्या वचनाचा बाजारातील अर्थ याहून निराळा काय असणार? पुढच्या काचेवरचा ओरखडा ग्राहक स्वतः पाहील. सरकलेल्या काचेविषयी आपण बोललेच पाहिजे.

असे बोलणारा तोट्यात जातो, ही तक्रार आम्ही पुष्कळदा ऐकली आहे. तीत तथ्य आहे. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. या विषयावरील कार्यासाठी पुढे २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ग्राहकाला चांगले-वाईट ओळखता येत नसेल तर तो सर्वच मालाला मधला भाव देतो, त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही म्हणून प्रामाणिक माणूस बाजारातून निघून जातो, आणि मागे वाईट मालच उरतो. म्हणजे दोष लपवणारा एका ग्राहकाला तर लुबाडतोच, शिवाय प्रत्येक प्रामाणिक विक्रेत्याच्या पोटावर पाय देतो. खोटे बोलण्याला सामाजिक पाप का म्हणावे, हे यावरून कळावे.

येथवर आपण विकणाऱ्याला जाब विचारला. वाचकांपैकी बहुतेक जण घेणारे असतील आणि त्यांना हे वाचून बरे वाटले असेल. पण घेणाराही निर्दोष असतोच असे नाही. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात एका ग्राहकाचे चित्र आहे: तो वस्तूला नावे ठेवून भाव पाडतो आणि घरी जाऊन आपल्या हुशारीची फुशारकी मारतो. आजचा प्रसंग असा कल्पावा. मोबाइलमुळे गावोगावचे फोटो स्टुडिओ बंद पडले. अशाच एका स्टुडिओचा मालक वारतो. त्याच्या विधवेला त्या कपाटातील काचांचे मोल ठाऊक नाही. दवाखान्याचे देणे फेडायचे आहे. जाणकार गिऱ्हाईक येते, एकेक लेन्स हातात घेऊन नाक मुरडते आणि पंधरा हजारांची वस्तू दीड हजारात घेऊन जाते. तो एकही शब्द खोटा बोललेला नाही. तिने भाव विचारून घ्यायला हवा होता, असे तो म्हणेल. ज्ञान मिळवायला आपण कष्ट केले, त्याचा मोबदला घेऊ नये काय, असेही म्हणेल.

कष्टाचा मोबदला त्याने जरूर घ्यावा. व्यापाऱ्याला भांडवल गुंतवावे लागते, गिऱ्हाईक शोधावे लागते, न खपण्याचा धोका पत्करावा लागतो. त्यासाठी त्याने १५,००० च्या वस्तूला १० किंवा ११ हजार दिले तर कुणी नावे ठेवणार नाही. पण उरलेले हजारो रुपये त्याच्या ज्ञानाचे फळ नव्हे, ते तिच्या अज्ञानाचे आणि अडचणीचे फळ आहे. संत थॉमस येथे निःसंदिग्ध आहेत: सोने पितळेच्या भावात विकले जात आहे हे ठाऊक असून जो ते घेतो, त्याचा सौदा अन्यायाचा असतो आणि त्याने भरपाई केली पाहिजे. नुसता पश्चात्ताप पुरेसा नाही. पैसे परत गेले पाहिजेत. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा हलाखीचा फायदा घेऊन भाव वाढवणे सातव्या आज्ञेखाली मोडतो. भाव वाढवणे जर चोरी, तर त्याच मार्गाने भाव पाडणे दुसरे काय असणार? ‘अडला हरी’ आपल्या दारी आला म्हणून आपण त्याला पाय धरायला लावावे, असे कोणता धर्म सांगतो?

तेव्हा आमच्या तरुणांना आमचे सांगणे थोडके आहे. घासाघीस करण्यात पाप नाही. पण ती खऱ्या गुणदोषांवर करा. लेन्समधून विजेरीचा प्रकाश टाकून बुरशी पाहा, पाती कोरडी आहेत का ते पाहा, भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवून त्याचे चित्र घ्या आणि चारही कोपरे सारखे वाचता येतात का ते तपासा. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील तर लेन्स कुणी उघडली होती हे विचारा. प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा, म्हणजे समोरच्याच्या मौनाला आडोसा राहणार नाही. स्वतःला तपासता येत नसेल, किंवा पुढच्याच आठवड्यात लग्नाचे काम घेतले असेल, तर लेखी हमी असलेली रिफर्बिश्ड लेन्स घ्या. जादा पैसे निश्चिंतीचे आहेत. पारख असेल, जाणता सोबती असेल आणि वेळ असेल, तर वापरलेली लेन्स घेण्यात शहाणपण आहे. शिवाय चांगली वस्तू कचऱ्यात जाण्यापासून वाचते. आणि ती लेन्स उद्या विकण्याची वेळ आली, तर तिचे दोष एका कागदावर लिहून तो डब्यात ठेवा. भाव थोडा उतरेल. परंतु तो कागद वाचून जो ती घेईल, तो पुन्हा तुमच्याच दारी येईल, आणि न आला तरी त्याच्या घरातील लग्नाच्या चित्रांत तुम्ही लपवलेला डाग उमटणार नाही.