डावी बाजू

वरंधा घाटात वाघजाईच्या देवळापाशी चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत. तिथल्या बाकावर बसलं की समोर कोकणाची उतरंड दिसते, आणि माकडांपासून प्लेट सांभाळत खावं लागतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही चौघे मोटरसायकली काढतो, त्याला आता अकरा वर्षं झाली. कधी मुळशीवरून ताम्हिणी, कधी पसरणीचा घाट चढून पाचगणी, कधी साताऱ्याहून कास ओलांडून बामणोली. दिवाळीनंतरचा वरंधा मात्र ठरलेला. पावसाळ्यात दरडींमुळे हा रस्ता बऱ्याचदा बंद असतो. तो मोकळा झाला की आजारातून उठलेल्या माणसाला भेटायला जावं तसे आम्ही येतो.

वेग चाळीस-पन्नासच्या पुढे न्यायचा नाही. कुणी कुठेही थांबला तर सगळ्यांनी थांबायचं, कारण विचारायचं नाही. पुढे कायम मास्तर, कारण त्याची १९८६ ची बुलेट जो वेग धरील तो आमचा वेग. त्याच्यामागे डावीकडे मी.

त्या दिवशी बाकीचे दोघे घाट उतरून शिवथरघळीकडे गेले. मास्तर म्हणाला, घळ पाहिलेली आहे, मी इथेच बसतो. मीही थांबलो. हिर्डोशीपासून एक वाक्य तोंडात घोळत होतं.

“हिर्डोशीच्या अलीकडे ती बाई दिसली होती तुला?”

“कुठली?”

“गवताचा भारा घेऊन डावीकडच्या पायवाटेने रस्त्यावर आली ती.”

मास्तरने चहाचा ग्लास खाली ठेवला. “तू हॉर्न दिलास तेव्हा पाहिली. थांबलेली होती.”

“हॉर्न दिला म्हणून थांबली. भारा एवढा मोठा होता की तिला पायाखालच्या दोन हातांपलीकडे काही दिसत नसणार.”

“म्हणजे दोघांनाही दिसलं नाही.”

“दोघांनाही नाही. म्हणूनच विचारतोय.”

एप्रिलमध्ये मास्तरने मला एकट्याला सांगितलं होतं, की त्याला काचबिंदू आहे. डोळ्यांतला दाब वाढून नस सुकते, बहुतेकदा आधी कडेची नजर जाते, गेलेली परत येत नाही. औषधाचे थेंब उरलेली नजर राखण्यासाठी. डावा डोळा जास्त बिघडलेला. रात्री गाडी चालवू नका आणि सहा महिन्यांनी नजरेच्या फील्डची तपासणी पुन्हा करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सहा महिने ऑक्टोबरात उलटले होते. घरी थेंबांचं माहीत होतं, बाकी काही नाही. आमच्यातल्या बाकीच्या दोघांना काहीच नाही.

“पुढे मी होतो,” मास्तर म्हणाला. “माझ्यासाठी हॉर्न तू का दिलास?”

“सवयीने.”

“कधीपासूनची सवय?”

खोटं बोलता आलं असतं. “जूनपासूनची. डावीकडून काही येताना दिसलं की देतो. सायकलवरची पोरं, गुरं. कापूरहोळला एकदा रिक्षा.”

तो बराच वेळ दरीकडे बघत बसला. मला वाटलं होतं, तो ओशाळेल, कदाचित हात हातात घेईल. तो रागावला. आवाज न चढवता रागावला. वर्गातही तो असाच रागवायचा, असं त्याचे विद्यार्थी अजून सांगतात.

“डॉक्टरांनी मला काय समजावलं होतं, ते ऐक. ह्या रोगात डोळ्यांपुढे काळा डाग येत नाही. जिथलं दिसत नाही तिथे मेंदू शेजारचं सारवून देतो. शेजारी रस्ता असला तर रस्ता, झाडी असली तर झाडी. म्हणून माणसाला कळतच नाही की काही गेलंय. मेंदूवर मी रागवत नाही, त्याला दुसरं काही येत नाही. पण तू? जिथे मला दिसत नव्हतं तिथे तू हॉर्न सारवलास. एकदा दचकलो असतो, एखादा सायकलवाला मला शिव्या देऊन गेला असता, तर मी त्याच रात्री गाडीवर कापड टाकलं असतं. तू मला दचकू दिलं नाहीस. सहा महिने मी समजत राहिलो की माझं बरं चाललंय.”

“तुला सांभाळत होतो मी.”

“गाडी सांभाळत होतास. मला काय कळायला हवं, ते तूच ठरवून टाकलंस.”

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही पुरतं नाही. त्याचं गुपित राखतोय, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. त्याच्याआड दुसरं काही होतं, ते मी त्या बाकावर पहिल्यांदा मोठ्याने बोललो. “मास्तर, तू थांबलास तर आपण तिघे उरतो. तिघांचं चालणार नाही, महिन्या-दोन महिन्यांत कुणाचं तरी लग्नकार्य निघेल, कुणाची कंबर धरेल, आणि संपेल. मला ते नको होतं. तुझ्यापेक्षा मी हा रविवार सांभाळत होतो.”

त्याचा चेहरा थोडा सैलावला. “हे एप्रिलमध्येच बोलला असतास तर बरं झालं असतं,” तो म्हणाला.

टपरीवाल्या मावशींनी न मागता दुसरा चहा आणून ठेवला.

“आता माझं ऐक,” मी म्हणालो. “थांब तू.”

“आपण चाळीसने जातो. त्याहून हळू सायकल जाते.”

“चाळीस म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. ती बाई आणि तू, मध्ये तेवढं तरी अंतर होतं का?”

“धोका कुणाला नाही? हृदयात स्टेंट घालून लोक चालवतात. डुलक्या काढत ट्रक हाकतात. मी निदान सावकाश, दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्याने जातो. माझा धोका मी पत्करला तर कुणाची हरकत?”

“तुझा एकट्याचा असता तर मी बोललो नसतो. तिला कुणी विचारलंय? आपण इथे वर्षातून चार वेळा येतो. ती हा रस्ता रोज दोनदा ओलांडते, रानातून गोठ्याकडे. आपण ज्याला मोकळा रस्ता म्हणतो ते तिचं अंगण आहे. धरण झालं, पाणी वर आलं, रस्ता पाण्याच्या कडेने वळणं घेत गेला, आणि आपल्याला तो सुंदर वाटतो. तिच्या घराच्या आणि रानाच्या मधून तो गेलाय.”

“मग त्या न्यायाने चांगल्या डोळ्यांच्या माणसानेही येऊ नये.”

“चांगल्या डोळ्यांच्या माणसाला ती दिसते.”

“दिसते? तुझंच सांग. जूनपासून तू माझ्या डाव्या बाजूवर नजर ठेवून होतास. म्हणजे एका वेळी दोन गाड्या चालवत होतास. तुझ्या स्वतःच्या रस्त्याकडे किती लक्ष होतं? तुझ्या उजवीकडून कुणी आलं असतं तर?”

हे खरं होतं आणि माझ्या मनात कधी आलं नव्हतं. आठवून पाहू लागलो. श्रावणात ताम्हिणीला गेलो होतो, धबधबे होते, पण मला आठवत होतं ते मास्तरचं डावं इंडिकेटर आणि त्यापलीकडची साइडपट्टी. बामणोलीला जाताना कासवर फुलं होती की नव्हती? सांगता येईना. सहा महिने मी एकही सहल पाहिली नव्हती. आणि आमच्या मागचे दोघे निश्चिंत येत होते, पुढे दोन धड डोळ्यांची माणसं आहेत अशा समजुतीने. त्यांनाही मी विचारलं नव्हतं.

“मागे बस माझ्या,” मी म्हणालो. “यायचं सोडू नकोस.”

मास्तरने मान हलवली. “मुलाने गाडीतून हाच रस्ता दाखवलाय मला. काच खाली केली तरी चौकट राहते. बुलेटवर भोर सुटलं की गारवा आधी गुडघ्यांना लागतो, मग छातीला. भाताची झोडणी चालू असली की तूस हेल्मेटमध्ये शिरतं. पाण्याकाठचं वळण जवळ आलं की हवा बदलते, ती हातांच्या पाठींना कळते, डोळ्यांना नंतर. मागे बसून ह्यातलं निम्मं मिळेल, मान्य. पण वळण मी घेत नसतो. कुणीतरी माझ्यासाठी घेतलेलं असतं.” थोडं थांबून तो म्हणाला, “आणि आरशात तुमचे तीन दिवे दिसतात. जन्मभर वर्गात बोललो मी. आता सोबत हवी ती अशी, कुणी कुणाशी बोलायचं नाही, तरी सगळे आहेत हे दिसत राहतं. ते मागच्या सीटवर नाही मिळत. तिथे आरसा तुझा असतो.”

मी गप्प राहिलो. त्याला काय सोडायला सांगतोय, ह्याचा मी नीट विचार केला नव्हता. धोका मोजता येतो, मीटरमध्ये, सेकंदात. हे मोजता येत नाही म्हणून ते हलकं ठरवायचं, एवढा अधिकार मला नव्हता. पण भाऱ्याखालची ती बाईही डोळ्यांपुढून हलत नव्हती. तिलाही तो भारा टाकून देता येत नाही. दुधाची म्हैस घरी आहे.

“जानेवारीत लायसन्स संपतंय,” मास्तर म्हणाला. “पंचावन्ननंतर पाच-पाच वर्षांचंच देतात. डॉक्टरांकडून फॉर्म १-ए भरून घ्यावा लागतो. पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, असा त्यात प्रश्न आहे. येते. इथून त्या टेम्पोची वाचून दाखवू?”

“वाचशील, मला माहीत आहे. पण ती बाई नंबरप्लेटसारखी समोर येऊन उभी राहत नाही.”

तो उठला. देवळासमोर जरा सपाट जागा आहे, तिथे जाऊन उभा राहिला. “ये. डॉक्टर पहिल्या दिवशी हाताने बघतात तसं बघ. मी तुझ्या नाकाकडे बघतो. तू कडेने हात आण. दिसला की सांगतो.”

आम्ही हातभर अंतरावर समोरासमोर उभे राहिलो. आधी उजवी बाजू. त्याच्या कानाच्या रेषेत माझी बोटं हलली न हलली तोच तो म्हणाला, “दिसली.” मग डावी. बोटं कानाच्या रेषेतून पुढे आली, गालफडाच्या पुढे आली. मी बोटं हलवत होतो आणि तो शांतपणे माझ्या नाकाकडे बघत होता, परीक्षेत सोपा प्रश्न येण्याची वाट बघत असल्यासारखा. हात माझ्या खांद्याच्या जवळ आला तेव्हा तो म्हणाला, “आता.”

“डोळा झाकला होतास का?”

“नाही. दोन्ही उघडे. रस्त्यावर मी डोळा झाकत नाही.” मग म्हणाला, “पुन्हा कर. आणि हात कधी निघाला ते तोंडाने सांग.”

मी पुन्हा केलं. “निघाला,” म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ती चार-पाच सेकंदं मी आयुष्यात विसरणार नाही. माझा हात त्याच्या चेहऱ्याशेजारी हलत होता, मी तसं सांगितलंही होतं, आणि त्याच्या जगात तिथे नुसता घाटाचा कठडा होता, अखंड.

“आता,” तो म्हणाला. मग बराच वेळ काही बोलला नाही.

बाकीचे दोघे दुपारी परत आले, घामेजलेले, घळीतला गारवा सांगत. मास्तरने त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. आधी मला म्हणाला होता, “हे मी सांगणार, तू नाही.” त्याने माझा हॉर्नही लपवला नाही. त्यातल्या एकाने माझ्याकडे बघितलं ते मला अजून बोचतं.

“बुलेट इथेच राहू दे,” मास्तर म्हणाला. “उजव्या पायाचे गिअर तुम्हाला कुणाला जमायचे नाहीत. भोरचा मिस्त्री येऊन घेऊन जाईल.” मावशींनी टपरीमागे पत्र्याखाली जागा दाखवली. गाडी आत लावताना त्याने सवयीने डिकॉम्प्रेसर दाबून पाहिला, अँपिअरच्या काट्याकडे बघितलं, मग चावी काढून खिशात टाकली.

“फील्ड ह्या आठवड्यात करून घेतो,” तो मला म्हणाला. “कागद तुम्हा तिघांनाही दाखवीन.”

“आणि त्यांनी चालवा म्हटलं तर?”

“मग मी पुढे असेन, तू मागे असशील, आणि तू हॉर्न द्यायचा नाहीस. डावीकडे काहीही दिसलं तरी. जमेल?”

मी उत्तर दिलं नाही. भारा घेतलेली बाई समोर आणून पाहिली, आणि मला नाही म्हणता आलं नाही, हो म्हणता आलं नाही. तो उत्तरासाठी थांबलाही नाही. हेल्मेटचा पट्टा लावून माझ्या मागे बसला.

उतारावर सुरुवातीला त्याचं वजन प्रत्येक वळणाला क्षणभर आधीच झुकायचं. वळणं त्याला पाठ आहेत. पाण्याकाठी आलो तेव्हा ऊन कललं होतं, खाचरांत कापलेलं भात पसरलेलं होतं. हिर्डोशी ओलांडल्यावर ती पायवाट आली. मी वेग कमी करायला गेलो, तर मागे फूटरेस्टवर त्याचा डावा पाय आधीच घट्ट दाबला गेला होता. जुन्या बुलेटचा ब्रेक डाव्या पायाला असतो.