सावध केलेली मुलं

"पंधरा वर्षांच्या मुलांना असली पुस्तकं देऊन त्यांच्या मनात पोलिसांबद्दल विष कशाला कालवायचं?" ओळखीच्या एका शिक्षकांचा हा प्रश्न डोक्यातून जाईना. पुस्तक होतं अँजी थॉमस यांची २०१७ सालची कादंबरी 'द हेट यू गिव्ह'. २०१८ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एका शाळेने ती सुट्टीतल्या वाचनासाठी सुचवली, तेव्हा तिथल्या पोलीस संघटनेचीही साधारण हीच तक्रार होती.

चित्रपटामुळे कथा अनेकांना ठाऊक आहे. सोळा वर्षांच्या स्टारच्या डोळ्यांदेखत तिचा बालमित्र खलील पोलिसाच्या गोळीने मरतो. गाडीत बंदूक नव्हती, केसांचा ब्रश होता. पुढे शहर पेटतं.

मी थबकतो ते घरातल्या एका प्रसंगापाशी. स्टार बारा वर्षांची असताना आईवडील तिला दोन गोष्टी समजावतात. एक स्त्रीपुरुष संबंधांची. दुसरी, पोलिसाने अडवलं तर हात कुठे ठेवायचे, किती हलायचं, तोंड कधी उघडायचं याची. मुलांना सावध करणं वेगळं आणि शहाणं करणं वेगळं, असं मी पूर्वीपासून मानत आलो आहे. सावधपणा पाठ करून घेता येतो. शहाणपण ज्याचं त्यालाच गाठावं लागतं.

राहिला विषाचा मुद्दा. स्टारचा मामा कार्लोस पोलीस आहे. वडील तुरुंगात होते तेव्हा तिला वडिलांची माया त्यानेच दिली. गोळी झाडणारा त्याचा सहकारी. सरसकट द्वेष करायचा तर तिला आधी या मामाचा करावा लागेल. लेखिकेने ही वाट मुद्दाम अडवून ठेवली आहे. विष कालवणारी पुस्तकं असा मामा निर्माण करत नाहीत.

आपल्याकडे किशोरांच्या पुस्तकांत शहर असं घरात घुसताना क्वचित दिसतं. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'मध्ये नववीतल्या मुकुंदच्या भोवती आणीबाणी आहे. पण ती कादंबरी आपण मोठ्यांच्या कपाटात ठेवली. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला अन्याय दिसत नाही, असं आपण कशाच्या जोरावर धरून चालतो?

मुलांना जगासाठी तयार करायला असं पुस्तक हवं, असं उत्तर मी देणार होतो. लिहिता लिहिता तेच पटेनासं झालं. तयार तर स्टारही होती. वडिलांनी शिकवलेलं सगळं तिला त्या रात्री आठवत होतं. खलील मात्र गाडीकडे वळला, ती ठीक आहे ना हे विचारायला, आणि तेवढ्यात गोळ्या सुटल्या. मैत्रिणीची काळजी वाटणं हीच त्याची चूक ठरली. मग तो पाठ केलेला सावधपणा कोणाच्या उपयोगाचा? मला वाटतं, आईबापांच्या. रात्री त्यांना झोप लागावी म्हणून. तसा पाठ द्यावा लागतो, ही लाज शहराची आहे, आणि शहर मोठ्यांच्या हाती असतं.

कादंबरीत त्या पोलिसावर खटलाही उभा राहत नाही. मुलांना हे वाचायला द्यावं का, हा वाद नंतर घालू. शिक्षकांनी, पालकांनी आणि पोलिसांनी ती आधी स्वतः वाचावी.