कौल होईपर्यंत

मालवण तालुक्यातलं आचरा गाव दर काही वर्षांनी ओस पडतं. गावपळण म्हणतात तिला. रामेश्वराचा कौल घेऊन तीन दिवस, तीन रात्री माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर. घराघरात ना चूल, ना दिवा. मुदत सरली की पुन्हा कौल लावायचा. देवाने दिला तर परतायचं, नाही दिला तर राहुटीतला मुक्काम वाढवायचा.

मी पोटासाठी डेटाबेस सांभाळतो. 'डिफरेबल कन्स्ट्रेंट', म्हणजे ज्याची तपासणी लांबवता येते असा नियम, मला या वेशीपाशी नीट उमगला.

•

नियमाला दोन अंगं असतात. काय चालणार नाही हे एक, ते कधी विचारणार हे दुसरं. पहिलं सगळे लिहितात. दुसरं लिहायचं राहिलं की यंत्र स्वतःच ठरवतं: आत्ता, याच ओळीला.

•

आमच्या भावकीत देवीच्या उत्सवाची पाळी असते. एका वर्षी एकच घर. थोरल्या घराची पाळी २०२६ ला, धाकट्याची २०२७ ला. थोरल्या घरात सुतक आलं, अदलाबदल ठरली. ओटीवर बसून दोन वाक्यांत मिटलं.

डेटाबेसात ती बसेना. थोरल्याला २०२७ वर नेलं, तर तिथे धाकटा बसलेला. धाकट्याला आधी हलवलं, तर २०२६ वर थोरला. दोन्ही बदल एकाच आज्ञेत सांगितले तरी पोस्टग्रेस्क्यूएल 'एका वर्षी एकच घर' हा साधा युनिक नियम ओळीगणिक तपासतं आणि पहिल्याच ओळीला नकार देतं.

कुठूनही निघा, मध्ये एक क्षण असा येतोच की एका वर्षावर दोन घरं आहेत. अदलाबदल खरी आहे. तिचा मधला क्षण तेवढा खोटा आहे.

•

यावर पळवाट जुनी आहे. एका घराला तात्पुरतं ९९९९ साली नेऊन बसवायचं. मीही बसवलं आहे. ट्रान्झॅक्शनशिवाय, म्हणजे सगळे बदल एकाच गाठोड्यात न बांधता केलं आणि पावसात वीज गेली, तर ते घर ९९९९ सालीच राहतं, आणि पुढच्या माणसाला ती नोंद खरी वाटते.

•

कुटुंबाला प्रमुख हवा. प्रमुख कुठल्या तरी कुटुंबातला हवा. आधी कोणाची नोंद करायची? एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या या दोन नोंदी, दोन्ही रकाने सक्तीचे असताना, फॉरेन की लगेच तपासली तर जन्मालाच येत नाहीत. तपासणी कमिटपर्यंत, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्की होईपर्यंत, थांबवली की दोन्ही एकाच दमात जन्मतात, आणि कोणाचाही रकाना क्षणभरही रिकामा ठेवावा लागत नाही.

•

लांबवणं आणि बंद करणं यांत मी फार फरक मानतो.

मायएस्क्यूएलमध्ये तपासणी लांबवायची सोय नाही. फॉरेन कीची तपासणी बंद करता येते, काम उरकून पुन्हा सुरू करता येते. पण पुन्हा सुरू केल्यावर मधल्या काळात आत शिरलेल्या ओळींकडे ते वळून पाहत नाही. पुढे येणाऱ्यांनाच विचारतं. म्हणजे गाव बाहेर गेलं, परत आलं, आणि कौल कोणी लावलाच नाही.

लांबवलेला नियम विसरत नाही. ट्रान्झॅक्शनमधली तपासायची राहिलेली प्रत्येक ओळ तो लक्षात ठेवतो आणि कमिटच्या दाराशी एकेकीला विचारतो. एक जरी चुकली तरी सगळंच परत फिरतं. इथे तो देवापेक्षा कठोर आहे. मुक्काम वाढवून देत नाही.

लक्षात ठेवण्याचं ओझंही त्याच्यावर पडतं. लाखो ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लोटल्या की बाकी राहिलेल्या तपासण्यांची रांग मेमरीत वाढत जाते.

•

ज्याच्या भरवशावर दुसरं कोणी उभं आहे, त्याला ही मुभा नाही. लांबवता येणाऱ्या युनिक नियमाकडे फॉरेन कीने बोट दाखवलेलं पोस्टग्रेस्क्यूएलला चालत नाही. 'रिकामं नको' हा नियमही तिथे लांबवता येत नाही. काही प्रश्न तिथल्या तिथेच विचारावे लागतात.

•

एस्क्यूएलच्या प्रमाणात 'डिफरेबल' हा शब्द १९९२ पासून आहे. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये युनिक नियम लांबवता येऊ लागला २०१० साली, ९.० आवृत्तीत. जँगो या फ्रेमवर्कने अशा युनिक नियमाला आपल्या भाषेत जागा दिली ती ३.१ मध्ये, २०२० साली. रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कने फॉरेन कीसाठी ७.० मध्ये, २०२१ च्या डिसेंबरात, युनिकसाठी ७.१ मध्ये, २०२३ ला.

मग मधल्या वर्षांत लोक काय करत होते? मायग्रेशनमध्ये कच्चं एस्क्यूएल लिहीत होते. डेटाबेस ते निमूट मानायचा. मग फ्रेमवर्कने वेगळं काय दिलं?

नोंद दिली.

•

सातबारा आणि फेरफार ज्याने पाहिले आहेत त्याला हे सांगायला नको. जमिनीत बदल झाला की तो आधी गाव नमुना ६ मध्ये, फेरफारात चढतो. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मंडळ अधिकारी प्रमाणित करतात, मग सातबारा बदलतो. मायग्रेशन हा फेरफार. रेल्सची स्कीमा फाइल हा सातबारा.

कच्च्या एस्क्यूएलने दिलेली मुभा त्या सातबाऱ्यावर चढत नसे. नियम उतरायचा, मुभा गळायची. सगळी स्कीमा एस्क्यूएलमध्येच ठेवायची वाट होती, पण ती सगळे धरत नसत. नवा सहकारी स्कीमा फाइलवरून आपल्या यंत्रावर डेटाबेस उभा करी. माझ्याकडे चालणारी अदलाबदल त्याच्याकडे अडे. दोघांचाही कोड तोच. अशा एका अडचणीत माझे दोन दिवस गेले आहेत, आणि चूक माझी होती: मी मुभा घेतली होती, लिहून ठेवली नव्हती.

दोन भावांनी कुठला कुणगा कोणी कसायचा हे तोंडी ठरवलं, तर ते दोघं असेपर्यंत चालतं. नातवंडांच्या हाती कागदच येतो.

•

जँगो पोस्टग्रेस्क्यूएलवर प्रत्येक फॉरेन की जन्मतःच लांबवलेली करतो. मला ते पटत नाही. चूक पहिल्या ओळीत होते आणि ओरड कमिटला ऐकू येते. मधल्या शंभर ओळींत ती शोधायची कुठे? मी रेल्सच्या मायग्रेशनमध्ये 'इमीजिएट' लिहितो. एरवी नियम जागच्या जागी विचारतो. ज्या ट्रान्झॅक्शनला गरज आहे, ती सुरुवातीलाच सवलत मागून घेते. आचऱ्यातही रोज कोणी वेशीबाहेर राहत नाही, आणि बाहेर पडतात तेही कौल घेऊनच.

•

आमच्या पाळीची जुनी वही घरी आहे. शाई फिकटली आहे, कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. आजोबांच्या हातची एक अदलाबदल तीत सापडली. आधी कोणाचं नाव खोडलं ते कळत नाही, कारण काही खोडलेलंच नाही. दोन्ही वर्षं, दोन्ही घरं एकाच ओळीत लिहिली आहेत, आणि त्या ओळीखाली दोन्ही घरांच्या सह्या.