उषेची पाळी

उषा हे नाव आता मुलींना फारसं कुणी ठेवत नाही. आज्यांच्या पिढीत ते घरोघर होतं; पुढं शिलाई मशीन आणि पंख्यांवर तेवढं उरलं. कवितेत मात्र ती अजून येते, तीही दव, गुलाबी आभाळ आणि पाखरं एवढ्याच लवाजम्यानिशी. इतकी नाजूक ती मुळात नव्हती.

मूळ संस्कृत शब्द उषस्. त्याच्या मुळाशी 'वस्' हा उजळण्याचा धातू. ग्रीकांची ईऑस, रोमनांची ऑरोरा आणि इंग्रजीतला पूर्वेचा 'ईस्ट' ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. गंमत पुढे आहे. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने आपल्या निरुक्त या ग्रंथात उषेची ओळख करून देताना तिला रात्रीचाच शेवटचा भाग म्हटलं आहे. चाकणला तिसरी पाळी करणाऱ्याला हे लगेच पटेल. शेडच्या पत्र्याखाली उजेड झिरपू लागतो, डोळे सगळ्यात जड होतात ते तेव्हाच, आणि पाळी सुटायला अजून अवकाश असतो.

ऋग्वेदात उषेची वीसेक सूक्तं आहेत. त्यातलं पहिल्या मंडलातलं 113वं, कुत्स आंगिरसाचं, आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या माणसाने जरूर वाचावं. कुत्स म्हणतो, उषा सगळ्यांना उठवते, पण एकाच कामासाठी नाही. कुणाला सत्तेसाठी, कुणाला नावलौकिकासाठी, कुणाला यज्ञासाठी, तर कुणाला निव्वळ आपल्या पोटापाण्याच्या उद्योगासाठी. या यादीत पोटापाण्याला खालची जागा दिलेली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

निगडीच्या टिळक चौकात सकाळी कंपन्यांच्या बसची वाट पाहणारी पोरं बघा. गळ्यात ओळखपत्र, हातात डब्याची पिशवी, पायात सेफ्टी शूज; नाड्या बसमध्ये बसल्यावर बांधायच्या. त्याच वेळी चिंचवडला कुणी मोरया गोसावींच्या दर्शनाला निघालेलं असतं, आणि चाकणच्या बाजाराकडे कांद्याच्या गाड्या वळत असतात. 1954 साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि इथली सकाळ हळूहळू घड्याळाच्या ताब्यात गेली. म्हणून ती कमी काव्यमय झाली असं म्हणणाऱ्याने कुत्स वाचलेला नसावा.

त्याच सूक्तात आणखी एक सुरेख कल्पना आहे. रात्र आणि उषा या दोघी बहिणी. रंग वेगळे, मन एक. दोघींची वाटही एकच. त्या वाटेवरून त्या आळीपाळीने जातात, थांबत नाहीत आणि एकमेकींच्या आड येत नाहीत. पाळी बदलण्याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. खराबवाडी, महाळुंगे, निघोजे, कुठल्याही गेटवर हेच चालतं. एक लोंढा आत, एक बाहेर. जाणारा येणाऱ्याला एवढंच सांगतो, "तीन नंबरकडे जरा बघ, कूलंट गळतंय." मशीन तेच, माणूस दुसरा.

पण वैदिक कवी भाबडे नव्हते. ऋग्वेदातल्याच गोतम ऋषीच्या सूक्तात म्हटलंय की, ही उषा पुन्हा पुन्हा जन्मते, स्वतः कधी म्हातारी होत नाही. माणसाचं आयुष्य मात्र रोज थोडंथोडं झिजवत जाते. आज वैद्यक याला आपल्या भाषेत दुजोरा देतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातलं आणि 2019 मध्ये रात्रपाळीच्या बाबतीत तोच निष्कर्ष कायम ठेवला. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. रात्रभर राबलेल्या माणसाला नेमक्या त्याच उजेडातून घरी जाऊन, पडदे ओढून झोपायचं असतं.

आणि झोपायचं कुठे? भाड्याच्या खोलीत, जिथे शेजारच्या मिक्सरचा आवाज भिंतीतून येतो. बीड-लातूरकडून आलेली चार-पाच पोरं एका खोलीत राहतात, त्यांच्या पाळ्याही वेगवेगळ्या. एकाचा गजर वाजतो तेव्हा दुसऱ्याचा नुकताच डोळा लागलेला असतो.

तेव्हा एक विनंती. तुमच्या मजल्यावर सकाळी नऊ-दहाला एखादं दार बंद आणि बाहेर धुळीने माखलेले सेफ्टी शूज दिसले, तर वर्गणीसाठी बेल वाजवू नका. संध्याकाळी या.