धीवर, शेतकरी आणि जाळ्याचा आस
मासे धरण्याच्या निरनिराळ्या रीतींत हिंसा कमीजास्त असते का, की धरणाऱ्याचा संकल्प एकच असल्यामुळे पापही एकच, हा प्रश्न जैन विचारात फार जुना आहे. सोमदेवसूरींनी शके ८८१ मध्ये, म्हणजे इ.स. ९५९ साली, पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलकचंपू’त धीवर आणि शेतकरी यांची तुलना येते. हाती एकही मासा न लागलेला धीवर पापी ठरतो. नांगराखाली कितीतरी जीव मारणारा शेतकरी ठरत नाही. निवाडा होतो तो मनातल्या हेतूवर. श्रावकाचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानतात. त्यातली संकल्पी, म्हणजे मुद्दाम ठरवून केलेली, हिंसा गृहस्थालाही पूर्ण वर्ज्य आहे.

बेळगाव-निपाणी पट्ट्यात ही तुलना पोथीपुरती राहत नाही. इथले बहुसंख्य जैन शेतकरी आहेत. जैन आचार्य शांतिसागर महाराजांचे भोज गाव वेदगंगा आणि दूधगंगेच्या संगमाजवळचे. बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ सालच्या कमलबस्तीत मूर्ती आहे ती नेमिनाथांची, स्वतःच्या लग्नाच्या मेजवानीसाठी कोंडलेली जनावरे पाहून वरातीतूनच माघारी वळलेल्या तीर्थंकरांची. आणि याच मुलखातल्या नद्यांवर, हिडकलच्या जलाशयावर भोई, कोळी, अंबिगेर या मासेमारांची चूल पेटते. शेतकऱ्याला सवलत आणि धीवराला दोष, हा निवाडा त्यांच्या वाट्याला कठोरच येतो. महाभारताच्या वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध तो मान्य करत नाही: नांगरणाराही जीव मारतो, हिंसेवाचून कोणीच जगत नाही, असे त्याचे म्हणणे.

संकल्प सारखा धरला तरी रीती सारख्या नाहीत. गळ टाकणाऱ्याच्या बोटांना दोरीचा हिसका कळतो. मासा एकेक येतो आणि प्रत्येकाबद्दल ठरवावे लागते. अमेरिकेतील मोठ्या सरोवरांवर वॉलआय नावाचा मासा पकडताना चालत्या होडीमागे ठरावीक खोलीवर गळ ओढतात. तिथेही मासा एकेकच लागतो, फक्त होडी त्याला शोधत फिरते. पाण्यात उभे सोडलेले जाळे वेगळे. ते संध्याकाळी लावतात आणि पहाटे उचलतात. माशाचे डोके आसातून, म्हणजे जाळ्याच्या भोकातून, पार होते, कल्ल्यामागे दोरा बसतो. पुढे जाता येत नाही, मागे सरता येत नाही, कल्ले उघडत नाहीत. तो गुदमरतो तेव्हा जाळ्याचा धनी घरी झोपलेला असतो.

म्हणून गळ निर्दोष, असेही नाही. मरळ लालसर पिलांच्या थव्याला राखत फिरते आणि जवळ येईल त्यावर धावून जाते. गळ टाकणारे नेमका याचाच फायदा घेतात. मासा एक निघतो, पण मागे राहिलेला थवा इतरांच्या तोंडी जातो. आमिषाला टोचलेला जिवंत बेडूक तर हिशेबातच धरत नाहीत. पहिल्या पुरात अंडी घालायला वर येणारे चढणीचे मासे कोणत्याही रीतीने धरले तरी नुकसान पुढच्या पिढीचे. सुरुंग आणि विष यांत निवड अजिबातच उरत नाही. १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने दोन्ही निषिद्ध ठरवली.

रीतीचे महत्त्व सोमदेवांच्याच ग्रंथातल्या मृगसेन धीवराच्या कथेत लपलेले आहे. यशोधर मुनींनी त्याला व्रत दिले ते एवढेच, की जाळ्यात पहिला आलेला मासा सोडून द्यायचा. पहिला मासा त्याने ओळखीसाठी चिंधी बांधून सोडला. मग तोच पुन्हा सापडला. असे पाच वेळा झाले, आणि पाचही वेळा त्याने तो सोडला. रिकाम्या हाताने घरी गेल्यावर बायकोने दार लावून घेतले, तो बाहेर निजला आणि सर्पदंशाने मेला. पुढच्या जन्मी धनकीर्ती म्हणून तो पाच संकटांतून वाचला. परंपरा ही कथा संकल्पाचे फळ म्हणून सांगते. पण जाळे हाताने टाकून लगेच ओढलेले होते, म्हणूनच मासा जिवंत होता. रात्रभर लावलेल्या जाळ्यात मृगसेनाला व्रत पाळताच आले नसते: पहाटे पहिला कोणता हेही कळले नसते, आणि सोडायला जिवंत मासाही हाती उरला नसता. मोठ्या आसाचे जाळे मात्र सोडून देण्याचे हे काम काही अंशी करते. लहान मासा त्यातून आपोआप पार होतो, धीवर जागा असो वा झोपलेला.