आसरा आणि लपविलेले कातडे

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नावाची बेटे आहेत. सील नामक जलचर अंगावरील कातडे काढून ठेवून मनुष्यरूप घेतो, अशी कथा तेथील लोक पिढ्यान्पिढ्या सांगत आले. एका पुरुषाने असे कातडे चोरून लपविले. सीलकन्येस निरुपायाने त्याची बायको व्हावे लागले. मुलेबाळे झाली, पुढे कातडे हाती लागताच ती समुद्रात निघून गेली. ऐकणारा म्हणतो, ‘ती मुळी समुद्राचीच होती!’

इंद्रायणीच्या खोऱ्यात राहणाऱ्या आम्हां वडगावकरांस ही कथा अगदीच परकी वाटू नये. आमच्याकडे साती आसरा आहेत. ‘आसरा’ हा शब्द ‘अप्सरा’ ह्यापासून झाला. पाण्याकाठी सात दगडांस शेंदूर लावितात. हळदकुंकू, खणनारळ व हिरव्या बांगड्या वाहतात. पाण्यात जीव दिलेल्या स्त्रिया आसरा होतात, अशीही एक समजूत आहे.

वाचकहो, ह्या दोन्ही समजुतींत एक गोष्ट समान आहे. घरातील स्त्री पाण्याकडे गेली, म्हणजे मागे राहिलेले लोक तिला निराळ्या जातीचा जीव ठरवितात. मग ती का गेली, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. कातडे कोणी लपविले, हा प्रश्न कथेबरोबर बुडतो.

कोणी म्हणेल, बांगड्या वाहणे हा एक प्रकारचा पश्चात्तापच नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. पश्चात्ताप ‘तुला आम्ही काय केले?’ असे विचारितो. भय ‘तू आम्हांस काही करू नकोस’ एवढेच मागते. मेलेलीस हिरवा चुडा आणि जिवंत असता तिला चार गोड शब्दही नाहीत, हा न्याय कसला?

कातडे आजही लपविले जाते. सुनेचे दागिने सासूच्या कुलपात असतात, बँकेचे पुस्तक नवऱ्याच्या खिशात असते, माहेरची वाट बंद असते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीधन अडवून ठेवणे हाही छळच मानिला आहे, आणि तालुक्याचे न्यायालय वडगावातच आहे. परंतु न्यायालयाच्या आधी शेजार असतो. शेजारच्या घरी कोणी मुकाट्याने सोशीत असेल, तर तिची विचारपूस आजच करावी. जी स्वेच्छेने जाऊ शकते आणि तरीही राहते, तिचेच राहणे प्रीतीचे होय. कुलपाने राखलेली स्त्री घरात असते, परंतु घरची होत नाही.